सत्ताविसावा माणूस

१

परुळेकरांच्या मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये अठराव्या पानावर जो माणूस उभा होता, तो लग्नाला आलेलाच नव्हता. ही गोष्ट रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, मुलुंड पूर्वेच्या एका तिसऱ्या मजल्यावर, कांदेपोह्यांची दुसरी फेरी चालू असताना उघडकीला आली.

तोवर सगळं झकास चाललं होतं. अल्बम मांडीवर घ्यायचा मान आत्याचा, म्हणून सुंदराबाईंना चेंबूरहून खास आणून सोफ्याच्या मधोमध बसवलं होतं. एका बाजूला त्यांचा धाकटा भाऊ नंदकुमार, म्हणजे नवरदेवाचे वडील. दुसऱ्या बाजूला नंदकुमारांची बायको सुहासिनी. मागे सोफ्याच्या पाठीवर रेललेली त्यांची मुलगी प्रांजल. नवरा-नवरी, मुकुल आणि गंधाली, खाली जमिनीवर होते. स्वतःच्या लग्नाच्या अल्बमभोवती नवरा-नवरीला सहसा जागा मिळत नाही.

आणि दाराजवळच्या खुर्चीत, पदर सारखा करून बसलेल्या वनमाला साटम. अल्बम त्यांनी केला होता.

वनमालाबाई गेली एकतीस वर्षं मुलुंडच्या 'चौकट' स्टुडिओत कामाला होत्या. सुरुवातीला निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने लोकांच्या सुरकुत्या बुजवायच्या. चाळिशी उलटल्यावर फोटोशॉप शिकल्या आणि सुरकुत्या माऊसने बुजवू लागल्या. अल्बम घरी पोचवणं हे खरं तर त्यांचं काम नाही. पण त्या जातात. पहिल्यांदा पान उलटतं तेव्हा माणसांची तोंडं कशी होतात, ते त्यांना बघायचं असतं. आणि शेवटच्या पानावर खाली, छोट्या अक्षरांत 'सजावट : वनमाला साटम' असं असतं, ते कोणी वाचतं का, तेही. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अल्बम करणारीचं नाव छापणारा दुसरा स्टुडिओ नाही, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं तपासून बघायची कोणाला गरज वाटली नव्हती.

सुंदराबाईंनी अठरावं पान उलटलं. सगळ्या कुटुंबाचा मोठा फोटो. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि बोट ठेवलं.

"गो बाय! काशीराम इलो हुतो? माका कोणी सांगूक नाय!"

पोह्यांची बशी कोणीतरी टेबलावर ठेवली, तिचा आवाज झाला.

रांगेच्या उजव्या टोकाला पांढऱ्या शर्टातला एक सडपातळ गृहस्थ उभा होता. सगळे हसत होते. हा हात जोडून उभा होता, जणू महापालिकेला उभा राहिलाय.

"काका?" प्रांजल म्हणाली. "विक्रोळीचे काका? ते कुठे आले होते?"

"नव्हताच आला," नंदकुमार उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "चौदा वर्षं त्याने ह्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. त्याला बोलावलंच नव्हतं, तर येईल कसा? हा स्टुडिओचा घोळ आहे. कुठल्या तरी भलत्या फोटोतून उचलून चिकटवलाय." ते वनमालाबाईंकडे वळले. "बाई, हे काम तुमचं ना? शेवटच्या पानावर नाव टाकता ना तुम्ही?"

नाव त्यांनी वाचलं होतं तर. पण वनमालाबाईंना त्याचा आनंद घेता आला नाही. त्या पुढे झाल्या आणि पानावर वाकल्या.

हात जोडलेला तो माणूस त्यांना चांगला आठवत होता.

२

"ताई, मी तुमच्यावर ओरडत नाही," सोमवारी सकाळी राजेश म्हात्रे ओरडून म्हणाला. स्टुडिओ त्याचा. वनमालाबाईंना तो त्याच्या वडिलांच्या काळापासून ताई म्हणायचा, आणि घाबरायचाही. "पण परुळेकर म्हणतात, अल्बम नवा करून द्या, त्या माणसाला काढा आणि त्या बाईंचं नावही काढा. मला तर वाटतं, नाव सगळ्याच अल्बमवरनं काढावं. नाव असलं की चूक कोणाची हे लोकांना लगेच कळतं. नसलं की निदान शोधावं लागतं."

"शनिवारपर्यंत थांब."

"शनिवारी काय आहे?"

"शनिवारी मी सांगते चूक कोणाची ते. माझी निघाली तर नाव मीच काढीन. आणि खुर्चीही रिकामी करीन."

राजेशने मान हलवली. खुर्चीचं त्याने मनावर घेतलं नाही, पण नावाचं घेतलं, हे वनमालाबाईंना दिसलं.

पलीकडे सुयोग बसला होता. स्टुडिओचा फोटोग्राफर. परुळेकरांच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते, आणि अल्बमचं कामही त्याला हवं होतं. ताईंच्या अल्बमला 'म्युझियम' म्हणायची त्याला सवय होती.

"माझ्याकडे काय बघताय?" तो म्हणाला. "मी कशाला कोणाला चिकटवू? मला तर आलेल्या पाहुण्यांचाच कंटाळा येतो."

"ओरिजिनल उघड."

सुयोगने कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडला. वनमालाबाईंनी पडद्यावर बोट टेकवत मोजलं. सव्वीस. उजव्या टोकाला नवरदेवाच्या मामी, आणि मामींच्या पलीकडे मोकळा लाल गालिचा. मग अल्बममधला मोजला. सत्तावीस.

"वाट लागली," सुयोग म्हणाला. त्यात त्याला थोडी मजा वाटत होती, पण लपवायचा प्रयत्न त्याने केला.

वनमालाबाईंनी डोळे मिटले. त्यांना ते पान लावल्याची दुपार आठवली. अल्बमच्या दोन पानांच्या मधे घडी असते, आणि घडीत कोणाचं तोंड आलं की ते तोंड कायमचं चिरतं. एका लग्नात वरमाई घडीत गेल्या होत्या. ते घर अजून त्या स्टुडिओचं नाव काढत नाही. (तो स्टुडिओ दुसरा. वनमालाबाई हे आवर्जून सांगतात.) म्हणून त्या प्रत्येक मोठा फोटो डोकी मोजून लावतात. परुळेकरांचा फोटो डावीकडच्या पानावर होता, आणि त्याच्या उजव्या टोकाचा माणूस, हात जोडलेला, बरोबर घडीत येत होता. त्याच्यासाठी त्यांनी अख्खा फोटो बोटभर लहान केला होता. कोण कुठला माणूस, पण नमस्कार करतोय, त्याला घडीत कसं घालायचं?

म्हणजे त्यांनी पान लावायला घेतलं, तेव्हाच तो माणूस फोटोत होता.

"सुयोग, हा फोटो मी कुठून घेतला?"

"नेहमीसारखा. आपण सगळे फोटो पेनड्राइव्हवर घालून त्यांच्या घरी दिले. त्यांनी त्यातले अल्बमसाठी निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले आणि पेनड्राइव्ह परत दिला. तुम्ही त्या फोल्डरमधूनच घेतलेत."

"आणि मूळ फोटोशी ताडून बघितलं नाही."

"कोण बघतं?"

एकतीस वर्षांत त्यांनी कोणावर एवढा विश्वास टाकला नव्हता; टाकला तो नेमका गिऱ्हाइकावर. चूक झाली होती, ती एवढीच. पण त्या पलीकडची गोष्ट जास्त गंमतशीर होती. स्टुडिओतून सव्वीस माणसं बाहेर गेली, आणि परत आली सत्तावीस.

सत्ताविसावा परुळेकरांच्या घरातून आला होता.

३

मंगळवारी संध्याकाळी वनमालाबाई परुळेकरांकडे गेल्या. निमित्त होतं नव्या अल्बमसाठी फोटो पुन्हा ठरवण्याचं. दार सुहासिनीबाईंनी उघडलं. नंदकुमार वाचनालयात गेले होते. त्यामुळे सुहासिनीबाई मोकळेपणी बोलल्या.

"मी चिकटवणार? अहो, मला फोन चार्जिंगला लावला तरी तो लागलाय की नाही हे प्रांजलला विचारावं लागतं."

"पण दिरांशी तुमचं बोलणं आहे?"

सुहासिनीबाईंनी आतल्या खोलीकडे बघितलं. खोली रिकामी होती, तरी आवाज खाली आला. "भावजींशी नाही. जाऊबाईंशी. रेवती आणि मी दर संकष्टीला फोन करतो. भांडण ह्या दोघा भावांचं. आम्ही कशाला वाया जायचं?"

"भांडण कशावरून?"

"पत्रिकेवरून." सुहासिनीबाईंनी कपाळावर हात मारला. "सुंदराताईंच्या मुलीचं लग्न होतं. मामा म्हणून दोघांची नावं पत्रिकेवर. काशीरामभावजी मोठे, अकरा महिन्यांनी. पण छापून आलं तर ह्यांचं नाव वर, त्यांचं खाली. मजकूर छापखान्यात ह्यांनी दिला होता. हे म्हणाले, छापखान्याची चूक. भावजी म्हणाले, छापखान्याला माझं वय माहीत नसेल, तुला तर आहे ना. झालं. चौदा वर्षं."

"चूक खरंच छापखान्याची?"

"ते ह्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. तुम्ही विचारा."

मग प्रांजल ऑफिसमधून आली. ती एका जाहिरात कंपनीत होती, आणि फोनवर बोटं फिरवून माणसाचा वर्ण तीन मिनिटांत बदलू शकत असे. वनमालाबाईंनी तिच्यावरच पहिला संशय ठेवला होता.

"काकू, फोटो द्या एकदा बघायला." तिने मोठा करून बघितला आणि खो खो हसली. "हे मी केलं असतं ना, तर काका गोरेपान दिसले असते, दाढी गेली असती आणि मागे आयफेल टॉवर असता. हे बघा ना, हे किती... सिन्सिअर आहे. कडा बघा. एवढा वेळ कोणाकडे आहे यार?"

"तुमच्या घरात कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही. आई दुपारी झोपते. मी ऑफिसला. मुकुलदादा-गंधाली तेव्हा केरळात. बाबा दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात, दार लावून. आईने आत चहा नेला तरी चिडतात. रमी चालू असते म्हणे."

तेवढ्यात नंदकुमार आले. वनमालाबाईंना बघून त्यांनी छाती पुढे काढली.

"माझी काही चौकशी करायची असेल तर करा. मी छत्तीस वर्षं विक्रोळीला पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. माझ्या ड्रॉइंगमध्ये कधी चूक निघाली नाही. चूक सहन करायची मला सवय नाही."

त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे चौकटीत एक भलं मोठं चित्र टांगलं होतं: पंपाचं. काळ्या शाईत, हाताने काढलेलं. प्रत्येक नट, प्रत्येक दांडा. देवाच्या तसबिरीपेक्षा ते मोठं होतं, आणि हारही त्यालाच ताजा होता.

"निवृत्तीला साहेबांनी फ्रेम करून दिलं. ह्याच्यावरून पंप बनायचे, पंप! रेष जरा हलली असती तर गळका पंप निघाला असता. तुमच्या स्टुडिओसारखं चालत नाही आमच्याकडे."

वनमालाबाई चित्राजवळ गेल्या. त्यांना पंपातलं काही कळत नव्हतं, पण हाताचं काम कळत होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. नंदकुमारांना बरं वाटलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

घरी जाताना जिन्यात त्या मधेच थांबल्या. पंपाच्या चित्रात काहीतरी होतं, आणि तेच त्यांनी अलीकडे दुसरीकडे कुठेतरी बघितलं होतं.

४

बुधवारी त्यांनी सत्ताविसावा माणूस पडद्यावर एवढा मोठा केला की त्याचं नाक चहाच्या कपाएवढं झालं.

"सुयोग, इकडे ये. शर्टाचा खिसा बघ."

"खिसा आहे."

"कुठल्या बाजूला?"

सुयोगने स्वतःच्या शर्टाला हात लावला. मग पडद्याकडे बघितलं. "अरेच्चा! उजवीकडे."

"उजवीकडे खिसा असलेला शर्ट तू कधी बघितलास? हा माणूस उलटा केलाय. आरशात दिसतो तसा. म्हणून मी लग्नाचे फोटो कधी उलटत नाही. नथ उजव्या नाकपुडीत जाते, पदर उजव्या खांद्यावर जातो, आणि मराठी नवरी बघता बघता दुसऱ्याच घरची होते. म्हणजे हे काम आपल्या धंद्यातल्या माणसाचं नाही. आता मला सांग, हा मूळचा सरळ कुठे उभा होता?"

सुयोगने थोडा विचार केला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने पहिल्या सात-आठ फोटोंचं फोल्डर उघडलं; एरवी ते कोणी बघत नाही. रिकाम्या स्टेजवर, रिकाम्या खुर्च्यांसमोर, पांढऱ्या शर्टातला तोच माणूस हात जोडून उभा होता. खिसा डावीकडे, तोंड दुसऱ्या दिशेला.

"हे काका!" सुयोग म्हणाला. "सकाळी सव्वासातला. हॉलमध्ये मी आणि फुलवाले, बाकी चिटपाखरू नाही. हे दारातून डोकावत होते. मला लाईट बघायचा होता, स्टेजवर कोणीतरी उभं पाहिजे होतं. म्हटलं, काका, जरा या ना. आले. उभे राहिले आणि एकदम हात जोडले. मी म्हटलं, काका, हात नका जोडू, नुसती टेस्ट आहे. म्हणाले, असू दे. दोन मिनिटांनी बघतो तर गेलेले. मला वाटलं, हॉलचे कोणीतरी."

न बोलावलेला मोठा भाऊ. पुतण्याच्या लग्नाला सगळ्यांत आधी आला, रिकाम्या मांडवाला नमस्कार केला आणि कोणी यायच्या आत निघून गेला. फोटो सुयोगने चाचणीला काढला आणि चुकून पेनड्राइव्हवर पाठवला.

"किती फोटो होते एकूण?"

"तीन हजार चारशे बारा. घरचे कोणी पहिल्यापासून बघत नाहीत ताई. मधूनच सुरुवात करतात, स्वतःचे शोधतात."

"कोणीतरी पहिल्यापासून बघितले." त्यांनी फोटो खाली सरकवला, माणसाच्या पायांपाशी आणला. "आणि ही सावली."

"सावली दिसतेय की. छान काढलीय."

"फारच छान. सावली पडू नये म्हणून तू दोन्ही बाजूंच्या लाईटना छत्र्या लावल्या होत्यास. बाकी सव्वीस जणांच्या पायांशी सावली कुठाय?"

नव्हती. सव्वीस माणसं गालिच्यावर बिनसावलीची उभी होती, आणि सत्ताविसाव्याच्या पायांपासून उजवीकडे खाली, पट्टी लावून आखावी तशी तिरकी, काटेकोर, एकसारखी सावली गेली होती.

अशी सावली कालच एका भिंतीवर त्यांनी बघितली होती. प्रत्येक नटाला, प्रत्येक दांड्याला.

माणूस कळला होता. पुरावा मात्र एका रेषेचा होता, आणि ज्याची रेष होती तो माणूस चौदा वर्षं छापखान्याकडे बोट दाखवून बसला होता. तो आपण होऊन कबूल होणार नव्हता. ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं होतं.

वनमालाबाईंनी माणसांचे चेहरे एकतीस वर्षं दुरुस्त केले होते. कोणाचं काय दुखतं, हे त्यांना बघितल्याबरोबर कळत असे.

५

शनिवारी सकाळी परुळेकर मंडळी स्टुडिओत आली. नंदकुमार, सुहासिनीबाई, प्रांजल, आणि आपल्याला कोणी सोडून जाईल ह्या भीतीने चपला आधीच घालून बसलेल्या सुंदराबाई. राजेशने खुर्च्या मांडल्या होत्या. मोठ्या पडद्यावर अठरावं पान होतं.

"बोला," नंदकुमार म्हणाले. "चूक कोणाची?"

"सांगते. आधी हे काम कसं आहे ते सांगते, म्हणजे करणारा कसा असेल ते कळेल." वनमालाबाई पडद्याजवळ उभ्या राहिल्या. "पहिली गोष्ट, हा माणूस उलटा चिकटवलाय. खिसा बघा."

सगळ्यांनी खिसा बघितला. नंदकुमारांनी पटकन स्वतःचा खिसा बघितला, आणि त्यांची भुवई हलली.

"एवढी साधी गोष्ट करणाऱ्याच्या लक्षात आली नाही. म्हणजे नवशिका. ठीक आहे, नवशिक्याला माफ असतं. दुसरं, कडा." इथे वनमालाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या कामाला वाईट म्हटलं. "कडा भोंगळ आहेत. कात्रीने कापल्यासारख्या."

सुयोगने चमकून त्यांच्याकडे बघितलं. कडा अप्रतिम होत्या. त्याला स्वतःला तशा जमल्या नसत्या. तो काही बोलणार, एवढ्यात वनमालाबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

नंदकुमारांनी हाताची घडी घातली. ती त्यांनी फार घट्ट घातली.

"आणि तिसरं," वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या, "सावली. सावली तर पार चुकलेली आहे. ज्याने काढली त्याला सावली म्हणजे काय हेच माहीत नाही. अंदाजे फासलीय. आमच्याकडे शिकायला आलेला असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी..."

"अंदाजे?" नंदकुमार उठले. "अंदाजे फासलीय? बाई, प्रकाश डावीकडून वरून धरायचा आणि सावली पंचेचाळीस अंशांत उजवीकडे पाडायची, हे जगभर चालतं! पट्टी लावून बघा! अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर नाव लावणार नाही! आणि कडा भोंगळ? अकरा दुपारी लागल्या त्या कडेला, अकरा! कानाजवळचा एक एक केस..."

ते थांबले. उरलेलं वाक्य त्यांच्या तोंडात तसंच राहिलं.

सुंदराबाईंनी चष्मा काढला. "नंदू," त्या म्हणाल्या, "तुका रे कसा ठावक, अकरा दुपारी लागल्यो ते?"

"रमी!" प्रांजल किंचाळली. "बाबा! दार लावून रमी!"

नंदकुमार खाली बसले. सुहासिनीबाई नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्यात काहीतरी नवीन सापडल्याचं आश्चर्य होतं.

वनमालाबाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. डोकी सव्वीस होती, सत्तावीस परत आली. पान लावण्याआधीच माणूस आत होता, म्हणजे तो पेनड्राइव्हवरून आला. पेनड्राइव्ह घरात होता, आणि घरात वेळ एकाकडेच होता. चाचणीचा फोटो सापडण्यासाठी पहिल्या फोटोपासून बघायला हवं, आणि तेवढा चिकट माणूस घरात एकच. बाकी सावलीने सांगितलं.

"कडा उत्तम आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "मी खोटं बोलले. तेवढं मला माफ करा."

"उत्तम ना?" नंदकुमारांनी मान वर केली. मग ती पुन्हा खाली गेली.

"नंदू," सुंदराबाई म्हणाल्या, "पण कित्या?"

बाहेर रिक्षावाले भांडत होते.

"मी सगळे फोटो बघत होतो," नंदकुमार म्हणाले. "चौथ्याच फोटोत हा. रिकाम्या स्टेजवर. तीन हजार चारशे बारा फोटोंत हा एकच माणूस घाईत नव्हता, आणि त्यालाच मी बोलावलं नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला. "तो दुसरीकडे बघत होता. तिथे उभा केला तर त्याची आमच्याकडे पाठ होत होती. म्हणून उलटा केला. तो आमच्याकडे बघायला हवा होता. खिशाचं लक्षात आलं नाही."

"मग फोन का नाही केलात?" सुहासिनीबाई म्हणाल्या.

"पहिला फोन कोणी करायचा?" नंदकुमार म्हणाले, आणि ते किती मूर्खपणाचं आहे हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. "मला वाटलं, अल्बम आधी माझ्या हातात येईल. मी सावकाश सगळ्यांना सांगेन. तर ह्या बाई स्वतः घेऊन आल्या, आणि ताईच्या मांडीवर ठेवला. सगळ्यांच्या देखत काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, स्टुडिओची चूक."

"आणि पत्रिका?" वनमालाबाईंनी विचारलं. "ती छापखान्याची चूक होती?"

नंदकुमारांनी बहिणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि मान नकारार्थी हलवली.

राजेश घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे ताईंची चूक..."

"बाईंची काही चूक नाही," नंदकुमार एकदम करड्या आवाजात म्हणाले. कारखान्यात साहेबांशीही ते ह्याच आवाजात बोलत असत. "चूक माझी. लिहून देतो, सही करतो. आणि अल्बमवरनं ह्यांचं नाव निघालं तर मी तो अल्बम घेणार नाही. असं काम करणाऱ्या बाईंचं नाव नाही टाकणार, तर कोणाचं टाकणार तुम्ही?"

वनमालाबाईंनी पदर सारखा केला. त्याची गरज नव्हती.

"लिहून नको," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर बोललात, पुरे. पण अल्बम मी माझ्या पद्धतीने करणार. तुमचा सत्ताविसावा काढणार."

"काढणार?" नंदकुमारांचा चेहरा उतरला.

"लग्नाला खरोखर आलेला माणूस खोटा कशाला चिकटवायचा?"

६

नवा अल्बम पंधरा दिवसांनी झाला. मोठ्या फोटोत सव्वीस माणसं होती. पण पहिल्या पानावर, जिथे वनमालाबाई एरवी गणपती आणि मुहूर्त घालतात, तिथे ह्या वेळी रिकामं स्टेज होतं, पानभर, आणि त्यावर हात जोडून उभे असलेले काशीराम परुळेकर. सरळ. जसे उभे होते तसे, खिसा डावीकडे. खाली एकच ओळ: 'सकाळी सव्वासात. पहिले पाहुणे.'

अल्बमची एक प्रत घेऊन वनमालाबाई विक्रोळीला कन्नमवार नगरात गेल्या. बरोबर नंदकुमार होते. रस्त्यात त्यांनी वनमालाबाईंना सावलीबद्दल चार प्रश्न विचारले आणि भावाबद्दल एकही बोलले नाहीत. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ते दाराच्या बाजूला भिंतीला लागून उभे राहिले. बेल वनमालाबाईंनीच वाजवली.

काशीरामांनी अल्बम टेबलावर ठेवून पहिलं पान उघडलं. रेवतीबाई स्वयंपाकघराच्या दारात टॉवेलला हात पुसत उभ्या होत्या. हात कोरडे झाले तरी पुसत होत्या. काशीराम फोटोकडे बघत राहिले.

मग मान वर न करता ते म्हणाले, "नंदू, आत ये. जिन्यात कोणी उभं राहतं का?"

नंदकुमार आत आले आणि बसले. आत यायला त्यांना चौदा वर्षं लागली होती. बसायला काहीच वेळ लागला नाही. रेवतीबाईंनी न विचारता त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. काशीरामांनी अल्बम दोघांच्या मधे सरकवला, आणि वर्तमानपत्र वाचावं तसा, एकही पान न गाळता, सबंध बघितला. मधे मधे एकेकाचं नाव विचारलं. नंदकुमारांनी सांगितलं. गंधालीच्या मावशीचं चुकीचं सांगितलं. पण ते पुढे कधीतरी कळेल.

शेवटच्या पानावर काशीरामांनी चष्मा नाकावर वर चढवला. सबंध अल्बममध्ये त्यांनी मोठ्याने वाचलेली ही एकच ओळ.

"सजावट, वनमाला साटम." ते वनमालाबाईंकडे वळले. "मला पहिल्या पानावर कोणी ठेवलं? हे तुम्ही?"

स्टुडिओत एकतीस वर्षं त्या हळू आवाजात बोलत आल्या होत्या, कारण पलीकडे फोटो काढणं चालू असायचं.

"मीच," वनमालाबाई म्हणाल्या, आणि ते शेजारच्या घरातही ऐकू गेलं.